जोडीची स्प्रिंग

गॅरेजची दारं दुरुस्त करणाऱ्या या माणसाला सगळे दारवालाच म्हणत. फोनवर त्याला पहिला प्रश्न ठरलेला असे: किती होतील? दाराला झालंय काय, ते वर जात नाही की खाली येत नाही, हे सगळं नंतर. डॉक्टरला नाडी दाखवण्याआधीच बिल विचारावं, तशातली गत.

तोही न चिडता सांगे. रुळातली चाकं बदलायची तर आठशे. तार तुटली असेल तर दीड हजार. मोटर जळली असेल तर दुरुस्तीच्या नादी लागू नका, नवी घ्या, आणि ती काही बारा हजारांच्या आत यायची नाही. स्प्रिंगेचे साडेपाच हजार. इथे समोरच्याचं घोडं हमखास अडायचं. शेजाऱ्याने तर तीन हजारांत करून घेतली, हे ऐकवलं जायचं. त्याने एकच बदलली असेल, असं दारवाला शांतपणे म्हणायचा. दाराला स्प्रिंगा दोन असतात, सगळं वजन दोघी मिळून पेलतात. एकाच दिवशी बसवलेल्या, सारख्याच झिजलेल्या. एक गेली की दुसरी वाटेवरच असते. मजुरी एकदाच पडते, म्हणून दोन्हींचे मिळून साडेपाच. एकच बदलायची असेल तर दुसऱ्या कुणाला बोलवा.

निम्मी गिऱ्हाइकं तिथेच फोन ठेवून द्यायची. मेला भाव खातो, असंही म्हणायची. म्हणोत बापडी. हा माणूस पूर्वी असा नव्हता, हे त्यांना कोण सांगणार?

पाच वर्षांपूर्वी त्याच्या ताईच्या गॅरेजची डावी स्प्रिंग तुटली. ताई त्याच्याहून नऊ वर्षांनी मोठी. आई गेल्यावर तिनेच त्याला वाढवलं, शाळा बुडवली की खोट्या दुखण्याची चिठ्ठीही तीच लिहून द्यायची. तिचे यजमान, म्हणजे त्याचे दाजी, घड्याळं दुरुस्त करायचे. गॅरेजमध्ये एका बाजूला गाडी आणि दुसऱ्या बाजूला त्यांचं टेबल. डोळ्याला भिंग लावून ते केसाएवढा स्क्रू चिमटीत असा काही उचलत, की दारवाला बघतच राही. यांच्यापुढे माझी बोटं म्हणजे नुसती केळी, असं तो म्हणायचा आणि दाजी हसायचे.

ताईच्या घराचं छप्पर नुकतंच नवं झालं होतं. हात आखडला असणार, असं त्याने मनाशीच ठरवून टाकलं. उजवी अजून दोनेक वर्षं सहज काढेल, एवढ्यात खर्च कशाला, असं तो तिला म्हणाला. ताईने काहीतरी बोलायला तोंड उघडलं आणि मिटलं. त्याला वाटलं, तिचा जीव भांड्यात पडला. बसवलेल्या एका स्प्रिंगेचेही त्याने पैसे घेतले नाहीत. त्या दिवशी स्वारी शीळ घालत घरी गेली.

उजवीने अकरा महिने काढले. एका सकाळी दाजी हाताने दार उचलत होते. ते कंबरेपर्यंत आलं आणि स्प्रिंग तुटली, दार धाडकन हातावर कोसळलं. उजव्या हाताची तीन बोटं गेली.

कुणीही त्याच्या माथी खापर फोडलं नाही. लोखंडच ते, तुटायचंच, एवढंच दाजी म्हणाले. कुणी चार शिव्या घातल्या असत्या तर त्याला बरं वाटलं असतं. दाजींनी डाव्या हाताने खटपट करून पाहिली, जमेना. टेबलावरची लोकांची घड्याळं एकेक करून परत गेली. मग दाजी नुसतेच खिडकीशी बसू लागले आणि बोलेनासे झाले. दारवाल्याला रात्रंदिवस ते खुपत होतं. ताईकडे तेव्हा पैसे नव्हते, माझाही इलाज नव्हता, एवढ्याच एका आधारावर तो दिवस ढकलत होता.

गेल्या महिन्यात ताईचा फोन आला. गाडी विकलीय, गॅरेज भाड्याने द्यायचंय, दार नीट करून दे. त्याने जाऊन दोन्ही स्प्रिंगा नव्या बसवल्या. हात पुसत असताना ताईने त्याच्यापुढे एक जुनं पाकीट धरलं. वर तिच्याच अक्षरात लिहिलं होतं: दोन्ही स्प्रिंगांचे.

"हे कधीचं?" त्याने विचारलं.

"तू पहिल्यांदा आलास तेव्हाचं. दोन्ही बदलून घे, असं ह्यांनी तेव्हाच सांगितलं होतं."

"मग तू बोलली का नाहीस, ताई?"

"तू मला पहिल्यांदाच काहीतरी देत होतास," ताई म्हणाली. "किती खुशीत होतास. तुझं मन मोडवेना मला."

 तो टेबलाला टेकला. भिंग अजून तिथेच होतं, धुळीने पांढरं झालेलं. पैसे नको म्हणायचा धीर त्याला झाला नाही. इतर गिऱ्हाइकांकडून घ्यावं तसं त्याने ते पाकीट घेतलं आणि खिशात घातलं.

आतून दाजींचा आवाज आला. कितीतरी महिन्यांनी तो त्यांचा आवाज ऐकत होता.

"दोन्ही बदलल्या का?"

दारवाला खाली वाकून अवजारं गोळा करू लागला. शेवटी ताईनेच हो म्हणून सांगितलं.