'सोड' म्हटलं की सोडायचं

त्याला सगळे एकघाव म्हणत. दोघा भावांचं काचेचं दुकान होतं. आरसे, फोटोच्या चौकटी, खिडक्यांची तावदानं. मोठा भाऊ मापं घ्यायचा आणि गिऱ्हाइकांशी बोलायचा, हा मागच्या खोलीत काच कापायचा. बघायला ते काम सोपं असतं. टेबलावर काच, काचेवर पट्टी, हातात हिरकणी, म्हणजे काच कापायची हिऱ्याच्या टोकाची लेखणी. या टोकापासून त्या टोकापर्यंत एकच रेघ ओढायची. मधे थांबायचं नाही, आणि एकदा ओढलेल्या रेघेवरून पुन्हा जायचं नाही. मग टेबलाच्या कडेवर हलका दाब दिला की काच मुकाट्याने दोन होते. ज्याला हे जमत नाही त्याने जन्मभर तुकडे वेचावेत. एकघावने तेवीस वर्षांत वाया घालवलेल्या काचा बोटांवर मोजता आल्या असत्या.

एका सकाळी साध्या आरशाच्या मधोमध त्याचा हात थांबला. त्याने थांबवला नव्हता, आपण होऊन थांबला. हिरकणी बोटांत दिसत होती, पण बोटं आहेत की नाहीत तेच कळेना. मनगटाच्या पुढचं कुणी काढून नेलंय असं वाटलं. मिनिटभराने मुंग्या आल्या आणि हात परत आला. आरसा मात्र गेला.

"रात्री झोपला नाहीस काय रे?" दादा हसत म्हणाला. तोही हसला.

आजार घोड्यावरून येतो आणि मुंगीच्या पावलांनी जातो म्हणतात. हा आला मुंगीच्या पावलांनी, आणि जायचं नाव घेईना. आधी आठवड्यातून एकदा, मग दिवसाआड. कधी हातासोबत उजवा पाय जड व्हायचा. जिन्यात चप्पल मागे राहायची आणि दोन पायऱ्या वर गेल्यावर त्याला पत्ता लागायचा. चहाचा कप हातात असेपर्यंत तो कपाकडेच बघत बसायचा, कारण नजर हटली की कप गेलाच म्हणून समजा. बायको फरशी पुसायची, आणि दुसऱ्या कपात अर्धाच चहा ओतून द्यायची.

मग तपासण्या सुरू झाल्या. रक्त झालं, एमआरआय झाला, मेंदूचा आलेख निघाला, नसांमध्ये सुया टोचून झटके देऊन झाले. तज्ज्ञ डॉक्टरीणबाईंनी गुडघ्यावर हातोडी मारली, बोटं नाकाला लावायला सांगितली, टाचणी टोचून विचारलं. आणि या हाताचा आगाऊपणा बघा, दुकानात रोज दगा देणारा हात डॉक्टरांपुढे अगदी गुणी बाळ झाला. सांगाल ते केलं.

"रिपोर्ट सगळे नॉर्मल आहेत," बाई म्हणाल्या. "पण तुम्हाला होतंय ते खोटं आहे असं मी म्हणत नाहीये. कधीकधी आम्हालाही सापडत नाही. जड काम जरा जपून करा, आणि तीन महिन्यांनी परत या."

दादा सोबत होता. त्याच्या कानात पहिलं वाक्य शिरलं आणि तिथेच दार बंद झालं. बाहेर येताच त्याने घरी फोन लावला, "काही नाहीये त्याला, एकदम ठणठणीत आहे!"

तिथून पुढे एकघावचे हाल सुरू झाले, आधीचं काहीच नव्हतं म्हणायचं. फुकटचे सल्ले देणाऱ्यांना तर ऊतच आला. कुणी म्हणालं, मनाचे खेळ आहेत. कुणी म्हणालं, पहाटे फिरायला जा. बायकोच्या मामांनी, ज्यांनी उभ्या आयुष्यात टेबलावरचा पेपरसुद्धा स्वतः उचलला नाही, कामाचा कंटाळा हे मोठं दुखणं असतं असं त्याला तोंडावर सांगितलं. पडलेल्या माणसाला लोक निदान पाणी तरी विचारतात. याला मात्र तोंड दाबून बुक्क्यांचा मार.

एकदा भाजी निवडता निवडता तो बायकोला म्हणाला, "अगं, त्या एमआरआयच्या फोटोत एखादा डाग निघाला असता तर बरं झालं असतं."

तिने हातातली जुडी खाली ठेवली. "असं अभद्र बोलू नका."

 पण त्याला तसंच वाटत होतं, आणि वाटतंय याची लाजही वाटत होती. मरायचं नव्हतं त्याला. दादाने आपल्यावर विश्वास ठेवावा, एवढंच हवं होतं. ज्या माणसाबरोबर तेवीस वर्षं काच उचलली, त्याने आपल्याला सोंगाड्या समजावं हे त्याला सहन होत नव्हतं.

दादा वाईट नव्हता हो. त्याने दोन महिने याला फक्त चौकटी जोडायला बसवलं, मोठ्या काचा बाहेरच्या माणसाकडून कापून घेतल्या. पण नॉर्मल रिपोर्ट कपाटात पडलेले असताना भाऊ बसून खिळे ठोकतोय हे त्याला रोज डोळ्यांसमोर दिसायचं. शेवटी एक दिवस तो म्हणाला, "पुरे झालं आता. औषधाच्या दुकानाची दर्शनी काच बसवायचीये. तू आणि मी."

"दादा, मधेच हात गेला तर?"

"नाही जात. एवढी मशिनं खोटं बोलतात आणि तू एकटा खरा?"

मोठी काच दोघांनी उचलायची असते, तिचा एक नियम आहे. वडिलांनी तो दोघांकडून घोकून घेतला होता. काच सुटतेय असं ज्याला वाटेल त्याने 'सोड' म्हणायचं, आणि दुसऱ्याने त्याच क्षणी हात काढून मागे उडी मारायची. का, कसं, काही विचारायचं नाही. पडणारी काच धरायला जायचं नाही. काच नवी आणता येते.

औषधाच्या दुकानाला चार पायऱ्या होत्या. दादा पुढे, उलटा चढत, एकघाव मागे. तिसऱ्या पायरीवर त्याचा उजवा हात गेला. तो हाताकडेच बघत होता, म्हणून त्याला काच सरकताना दिसली.

"सोड!" तो ओरडला, आणि मागे झाला.

दादाने सोडली नाही. "नाटकं करू नकोस, धर!" म्हणत त्याने दुसरा हात काचेखाली घातला. काच मधोमध तडकली आणि तिचा कोयत्याएवढा तुकडा त्याच्या तळव्यात घुसला.

इस्पितळात अकरा टाके पडले. दोन बोटांची हालचाल पूर्ण परत येईल की नाही, ते आत्ताच सांगता येणार नाही, असं तिथले डॉक्टर म्हणाले. हाताचा फोटो त्यांनी भिंतीवरच्या दिव्यावर लावून सगळ्यांना दाखवला. इथे कुणालाच काही समजावून सांगावं लागलं नाही.

एकघाव खाटेशेजारी उभा होता, बायको दाराशी. दादाचा चेहरा पांढरा पडला होता, पण आवाजात राग नव्हता.

"हे बघ," तो म्हणाला, "मी मनात काही ठेवणार नाही. माणूस आहे, होतं. फक्त एकदाच काय ते खरं सांग. लक्ष नव्हतं ना तुझं?"

एकघावला रडू फुटेल असं वाटलं. हात गेला होता म्हणावं, तर पुन्हा ती फाईल निघणार, ती मशिनं, ते मामा. शिवाय समोर भावाचा बँडेज बांधलेला हात. त्या हातापुढे स्वतःच्या धडधाकट दिसणाऱ्या हाताचं गाऱ्हाणं कोणत्या तोंडाने सांगायचं? आणि दादा कित्येक महिन्यांनी त्याच्याशी पूर्वीसारखं बोलत होता.

"नव्हतं लक्ष," तो म्हणाला.

दाराशी बायकोने मान वर केली. या माणसाचं काचेवरचं लक्ष कधी हटत नाही, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक असणार. तिने मान पुन्हा खाली घातली.

दादाने मोठा श्वास सोडला. "मग असं सरळ सांग ना, राजा. उगाच वर्षभर..." त्याने चांगल्या हाताने एकघावचा खांदा थोपटला. वर्षभर घरात खरं सांगून कुणाला पटलं नव्हतं. हे खोटं एका दमात पटलं.

"टाके निघाले की दुसरी काच आणू," दादा डोळे मिटत म्हणाला. "तू आणि मीच नेऊ. आता तू 'सोड' म्हणालास तर सोडीन, बस?"

"हो," एकघाव म्हणाला. आपला उजवा हात त्याने खिशात घातला होता, आणि तो खिशात आहे की नाही हे त्याला कळत नव्हतं.