रेतीखाली मुरूम नसतो

सुखदेव मिस्त्री गेल्याची बातमी आली तेव्हा मी अर्धा दुर्योधन होतो. शाळेच्या वऱ्हांड्यात नाटकाची तालीम चालू होती. एक मिशी चिकटवलेली, दुसरी हातात, आणि समोर त्याचा धाकटा भाऊ गौतम येऊन उभा राहिला. "मास्तर, दादा गेला. चहा मांगतला, अन् कप खाली ठेवताठेवता..." मी रडू लागलो तशी तालमीतली पोरं खो खो हसली, कारण मास्तर कधी सोंग आणतील याचा नेम नाही, अशी माझी ख्याती. मी रागावलो नाही. सुखदेव असता तर सगळ्यांत मोठ्यानं तोच हसला असता. या गोष्टीला महिना उलटून गेला, तरी मिशी चिकटवायचा धीर मला अजून झालेला नाही.

जऊळक्याला स्टेशनकडून गावात येताना त्याचं टिनाचं गॅरेज लागतं. माळेगाव, रिठदपर्यंतचे ट्रॅक्टर आणि पाण्याचे पंप तिथं दुखणी घेऊन यायचे. सुखदेव इंजिनाशी भांडत काम करी. मी मध्ये तोंड घातलं की म्हणे, "इंजन अन् मास्तर सारखेच. दोघंबी थंड असले की उपेग नाई, गरम झाले की नुसता आवाज." आमची दोस्ती चौथीच्या वर्गातली. त्याच्या घरी जयभीम आणि माझ्या घरी रामराम, आणि दोन्ही घरी आम्हाला एकसारख्याच शिव्या बसत.

दुष्काळानंतर बोअर खोदणाऱ्यांचे दिवस आले. अकोल्याच्या एका ठेकेदाराला थेट राजस्थानच्या वाळवंटात काम मिळालं. लिलावात घेतलेला लष्कराचा जुना ट्रक त्यानं सुखदेवच्या दारात आणून सोडला आणि म्हणाला, रेतीत पळेल असा करून दे. वाळवंट आमच्यापैकी कोणीच पाहिलेलं नव्हतं. मी भूगोलाचं पुस्तक आणून, हातवारे करून, प्रसंगी उंट होऊन ते दाखवलं. सुखदेव विडी ओढत ऐकत होता. शेवटी म्हणाला, "म्हंजे गाराच हाय. फकस्त कोरडा."

गारा म्हणजे आमच्याकडे चिखल. आम्हाला ते फार पटलं. आमच्या काळ्या मातीत पावसाळ्यात रुंद चाकाचा निभाव लागत नाही, चिखल थापून थापून त्याचा गोळा होतो. चाक हवं उंच आणि अरुंद, हवा दगडासारखी टच्च. असं चाक चिखल कापत खालच्या मुरमाला टेकतं आणि गाडी निघते. गावातलं पोरगंही हे सांगेल. सुखदेवनं तशीच चाकं शोधून बसवली, स्प्रिंगचे पाटे वाढवून ट्रक उंच केला, मोठा रेडिएटर आणि पाण्याची टाकी चढवली. भर आषाढात, बैल जिथं पोटापर्यंत रुतत त्या किन्हीराजाच्या रस्त्यालगतच्या शेतातून आम्ही ट्रक पार नेला. मी टपावर उभा राहून राजासारखा हात हलवत होतो. गौतम ट्रक चालवत होता, कारण पुढे राजस्थानात तोच जाणार होता. खाली उतरल्यावर त्यानं विचारलं, "दादा, रेतीत फसला तं?"

"फसन कसा? म्या बनोला हाय तो."

तो फसला. रेतीखाली मुरूम नसतो. चाक कापत गेलं, कापतच गेलं. गौतम जसजसा जोर देई तसतसा ट्रक खाली बसे. त्यात वावटळ सुटली. हातांनी रेती उपसताना तीच रेती डोळ्यांत जात होती आणि तो त्याच हातांनी डोळे चोळत होता. शेवटी एक उंटवाला आला. त्यानं चाकांतली हवा सोडायला लावली, पुढे उंट जुंपले आणि ट्रक निघाला. पण डॉक्टरकडे पोचेपर्यंत गौतमचा एक डोळा गेला होता.

हे सगळं ठेकेदारानं गॅरेजात येऊन सांगितलं. मी तिथंच होतो. सुखदेवच्या हातातला पाना खाली पडला नाही, उलट त्यानं तो इतका घट्ट धरला की मला भीती वाटली. पुढे गौतम दवाखान्यातून आला. त्यानं दादाला एवढंच सांगितलं, "काई नाई, डोळ्यात खडा गेला होता."

ट्रक चालवणं संपलं. गौतमनं गॅरेजासमोर पानठेला टाकला. दोघं भाऊ एका चुलीवरचं खात आणि दिवसभर समोरासमोर बसत, पण त्या ट्रकचं नाव कोणी काढत नसे. सुखदेव एकदा मला म्हणाला, "मास्तर, यानं मले एकदा भर चौकात शिवी देल्ली ना, तं मी पोटभर जेवीन. हा तं पान लावून देते, बाप्पा... वरून इलायची टाकते." मी दोघांना घरी चहाला बोलावून संवाद घडवण्याचा घाट घातला. दोघांनी चहा घेतला, माझ्या नकलांना हसले आणि निघून गेले. मला वाटे, गौतमच्या मनात राग इतका खोल आहे की वरच येत नाही.

परवा गॅरेजात गेलो तर गौतम आत एकटाच बसलेला. मी विचारलं, "गौतम, इतकी वर्सं दादाले एका शब्दानं बोलला काहून नाईस?"

"कायले बोलू? चाकायमुळं फसलो हे त्याले मालूमच नोतं, मास्तर. मालूम झालं असतं तं त्यानं पुन्हा पाना हाती धरला असता काय? म्हून खडा गेला म्हणून सांगतलं."

"त्याले मालूम होतं," मी म्हणालो, "तू दवाखान्यात होता तवापासून."

गौतम उठला. खिळ्याला सुखदेवचा खाकी शर्ट होता, कोपरांवर ऑइलनं काळा झालेला. त्याच्यापुढे जाऊन उभा राहिला. "भैताडा," तो ओरडला, "मंग मले बोलला काहून नाईस? आं? मी येडा होतो काय, रोज इलायची टाकून राह्यलो तुले?" बाहेर दोनचार माणसं थबकली. मी टिनाचं दार ओढून घेतलं आणि म्हणालो, "दे, अजून दे. लय दिवस वाट पायली त्यानं."

शर्ट कोणी धुवायला नेलेला नाही. गौतम रोज ठेला उघडण्याआधी गॅरेजात जातो, दार लावून घेतो. स्टेशनकडे जाणाऱ्यांना आतून भांडण ऐकू येतं... एकाच माणसाचा आवाज.