घरची खोली शेवटी

आमचे हे म्हणजे खरवईचे जयदेव. अंबरनाथच्या एमआयडीसीत फिटर, आणि स्वतःचं काहीही असो, ते शेवटी करणारा माणूस. पंगतीत शेवटी, नळावर शेवटी, दवाखान्यात आपला नंबर दुसऱ्याला देऊन परत शेवटी. मी भांडले, अबोला धरला, दोनदा माहेरी जाऊन बसले, काडीचा फरक पडला नाही.

हा गुण आईकडून आलेला. माझ्या सासूबाई पुतळाबाई म्हणजे धवलारीण. आम्हा आगऱ्यांच्या लग्नात धवलारणीशिवाय पान हलत नाही. मांडव, तेलवण, हळद, सगळं तिच्या गाण्यावर चालतं, आणि धवल्यात, म्हणजे या लग्नगीतात, त्या त्या घरच्या नवरीचं नाव घेऊन गातात. घरातली सगळी जेवल्याशिवाय आई कधी ताटावर बसल्या नाहीत. हे त्यांना स्कूटरवर मागे बसवून न्यायचे आणि मांडवाच्या कोपऱ्यात बसून रेकॉर्डिंग करायचे.

ती रेकॉर्डिंगं ठेवायला ह्यांनी उल्हासनगरच्या कॅम्प दोनमधून एक जुना सर्व्हर आणला. सर्व्हर म्हणजे काय, वायफायला जोडलेला काळा डबा, आत डिस्क. आईंचा नियम होता, एका घरचा धवला दुसऱ्या घरात न्यायचा नाही. म्हणून ह्या शहाण्याने डब्यातसुद्धा घरागणिक वेगळी खोली केली, प्रत्येक खोलीला वेगळा पासवर्ड. कंप्युटरवाले तिला शेअर म्हणतात. कुणीही एकच खोली करून आत कप्पे पाडले असते. पण सरळ काम ह्यांना कधी सुचलंय?

मागच्या वर्षी आईंचं बीपी फार वाढलं, तेव्हा त्यांनी ह्यांना आत बोलावून दार लावून घेतलं. "मना भरवसा नाय र जय," त्या म्हणाल्या. "रिद्धीचं भरून ठेव."

रिद्धी आमची एकुलती एक लेक. तिचं अजून ठरलंही नव्हतं. मांडवाआधी धवला गायचा म्हणजे अपशकुन, पण आई नातीचं नाव घेऊन अख्खं लग्न गायल्या. मी दाराला पाठ लावून उभी होते आणि पदर तोंडात कोंबून रडत होते. पोरीला यातलं काही कळू द्यायचं नाही, असं आम्ही तिघांनी ठरवलं. पुढे आईंना झटका आला, उजवं अंग गेलं आणि वाचा गेली. आता त्या नुसत्या बघतात. ज्या मोबाइलवर ते गाणं भरलं तो ह्यांनी पुसून विकला होता. रिद्धीचा धवला आता एकाच जागी होता, डब्यातल्या 'घर' नावाच्या खोलीत.

आणि रिद्धीचं लग्न ठरलं तेव्हा, हळदीच्या आदल्या दिवशी सकाळीच डबा टकटक करायला लागला.

ह्यांचा चेहराच उतरला. डिस्क जायची ती खूण, एवढं त्यांना माहीत होतं. धावत जाऊन नवी डिस्क आणली, त्याच डब्यात शेजारी बसवली, आणि सकाळपासून लॅपटॉप घेऊन बसले. लॅपटॉपवर दोन खिडक्या उघडायच्या, जुन्या खोलीतून उचलायचं, नव्या खोलीत टाकायचं. मग पुढच्या घराचा पासवर्ड. हिरवी पट्टी मुंगीच्या पावलाने सरकत होती. मध्येच वायफाय तुटायचं, की परत पहिल्यापासून.

"आपलं आधी घ्या," मी म्हटलं.

"लोकांनी विश्वासाने ठेवायला दिलंय. त्यांचं आधी."

"अहो, तुमच्या पोरीचं लग्न आहे. त्या लोकांच्या पोरींची मुलं शाळेत जातात आता."

"आई कधी आधी जेवली का?" हे म्हणाले. मला असा संताप आला की हातातलं लाटणं मी आपटलं. बाहेर मांडववाले बांबू बांधत होते, पाहुणे यायला लागले होते, आणि तो डबा कपाटावर टकटक, टकटक. दुपार झाली तरी निम्मी घरं बाकी होती.

तेवढ्यात रिद्धी बांगड्या भरून घरी आली. हातभर हिरव्या बांगड्या, आणि तशीच वाकून तिने स्क्रीन बघितली. ती विठ्ठलवाडीला एका ऑफिसात कंप्युटरचंच काम बघते.

"पप्पा, हे काय करताय? डब्यातून लॅपटॉपमध्ये, आणि लॅपटॉपमधून परत त्याच डब्यात? या खोलीतली भांडी बाजूच्या खोलीत न्यायला तुम्ही अंबरनाथ स्टेशनवरून फिरून येताय. ते पण प्रत्येक भांड्याला."

"मग कसं करायचं?"

"डब्यालाच सांगायचं. दोन्ही डिस्क त्याच्याच पोटात आहेत ना? वायफाय मध्ये कशाला?"

तिने डब्याचं स्वतःचं पान उघडलं, ह्यांच्याकडून मालकाचा पासवर्ड घेतला आणि आतल्या आत कॉपी लावली. सकाळपासून जे रांगत होतं ते धावायला लागलं. बघता बघता घरं पलीकडे गेली. हे नुसते बघत राहिले. सकाळपासून त्या मरायला टेकलेल्या डिस्कला आपण उगीच दमवलं, हे त्यांना तेव्हा कळलं असावं.

"ही एक राहिली," रिद्धी म्हणाली. "'घर' लिहिलंय. घेऊ ना?"

खोली उघडली की आत तिच्या नावाची फाइल दिसणार. लग्नाआधीच गायलेली तिची हळद. मी ह्यांच्याकडे बघितलं, ह्यांनी माझ्याकडे.

"राहू दे," हे म्हणाले. "तेवढी मी करतो. तू जा, मेहंदीवाली खोळंबलीय."

ती गेली. ह्यांनी दार लोटलं, खुर्ची ओढली आणि 'घर'वर बोट ठेवलं. टकटक थांबली. मला वेडीला वाटलं, बरं झालं. पण स्क्रीनवर खोलीच दिसेना. ह्यांनी डबा बंद केला, चालू केला, कान लावला. परत बंद, परत चालू. मग देवासमोर धरावी तशी ती डिस्क दोन्ही हातांत धरून जमिनीवर बसले. समोरचा कमलेश तिला स्कूटरवर घालून कॅम्प दोनला घेऊन गेला. दुकानदाराने हातात घेऊन मान हलवली आणि सांगितलं, मुंबईला पाठवा, महिनाभराने बघू, भरवसा नाही.

मी ह्यांना काय काय बोलले ते इथे सांगत नाही.

दुसऱ्या दिवशी हळदीला कमलेश आला. त्याच्या लेकीच्या, मीनलच्या लग्नात आई शेवटच्या गायल्या होत्या. "माझ्या मीनलचा लाव," तो ह्यांना म्हणाला. "नियम राहू दे. आवाज तर काकीचा आहे."

रिद्धीला पाटावर बसवलं. आईंची खुर्ची तिच्याजवळ आणून ठेवली. स्पीकरमधून आईंचा आवाज आला आणि मांडवातल्या बायका त्यांच्या खुर्चीकडे बघायला लागल्या. हे साउंडवाल्याला बाजूला सारून बटणावर बसले होते, एका हातात माइक. मीनलचं नाव यायची जागा आली की हे आवाज बारीक करायचे आणि माइकमध्ये म्हणायचे, "रिद्धी." मग परत आवाज मोठा. ह्यांना ना सूर ना ताल. नाव कधी आधी पडायचं, कधी उशिरा. बायका तोंडाला पदर लावून हसायला लागल्या.

"मम्मी, पप्पा काय करतायत?" रिद्धीसुद्धा हसत होती. "प्यायले की काय?"

"लाड करतायत तुझे," मी म्हटलं, आणि तिच्या गालाला हळद लावली. आईंनी डाव्या हाताने माझं मनगट घट्ट धरलं. त्यांना सगळं कळलं होतं.

पुढची जागा आली. आवाज बारीक झाला. ह्यांनी माइक तोंडाशी नेला, पण नाव काही निघेना, मांडवभर नुसता त्यांचा श्वास ऐकू आला.