झोपेत घेतलेल्या प्रशिक्षणाचा सत्कार

मला तालुक्याच्या गावाला बोलावून एक कागद दिला. त्यावर छापलंय की मी शाळा व्यवस्थापन समितीचं दोन दिवसांचं प्रशिक्षण पूर्ण केलं आणि शाळेची उल्लेखनीय सेवा केली. त्यातले प्रशिक्षणाचे दोन दिवस मी झोपून काढले. सेवा केली ती माझ्या बायकोनं. ती फाल्गुनात गेली आणि कागद श्रावणात आला.

झालं ते असं. मुलगा आणि सून दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात. नात आमच्यापाशी राहून गावच्या शाळेत शिकते. म्हणून पालक म्हणून आमच्या घरातलं माणूस समितीवर घ्यायचं ठरलं. निम्म्या बाया पाहिजेत असा नियम, तर तिचं नाव घातलं. आमच्याकडं बाईचं नाव कागदावर घालतात आणि बैठकीला नवरा जातो. समितीत सात बाया होत्या, बैठकीत सात मिशा.

प्रशिक्षण लागलं त्या दिवशी ती सकाळीच धुतलेलं लुगडं नेसून दारात उभी.

"कुठं निघालीस?"

"टरेनिंगला. माझं नाव हाय ना."

"तुला त्यातलं काय कळणार हाय? मी जातो."

ती आत जाऊन जुनं लुगडं नेसून आली.

तिथं साहेब भिंतीवर चित्रं दाखवत होते. डोक्यावर पंखा होता, पोटात पुरीभाजी होती. छापील यादीत तिचं नाव होतं, त्याच्या पुढच्या रकान्यात मी माझी सही ठोकली. चौथीपर्यंतच्या शाळेनं मला तेवढी एकच कला दिलेली. बाकीच्या सहा जणांनीही तेच केलं आणि आम्ही सगळे भिंतीला टेकलो.

संध्याकाळी तिनं विचारलं, "काय सांगितलं ओ तिथं?"

"काय न्हाई. जेवान चांगलं हुतं."

"ते न्हाई. शाळंचं काय सांगितलं?"

"चांगलंच सांगितलं."

दुसऱ्या दिवशीही तिनं हेच विचारलं, मीही हेच सांगितलं. मग तिनं विचारायचं सोडलं आणि तिला जे सुचलं ते करायला लागली.

रोज दुपारी पोरांना खिचडी वाढायच्या आधी ही शाळेत हजर. पहिला घास ही खाणार, मग पोरं. एकदा तांदळाला वास आला तर तिनं आख्खं पातेलं ओतायला लावलं आणि दुसरं शिजेपर्यंत चुलीपुढं बसून राहिली. स्वयंपाकीण महिनाभर तिच्याशी बोलत नव्हती. तोडीच्या गाड्या गावात लागल्या की ही गाडीपाशी जाऊन एकेका आईला म्हणायची, "पोरगी खाली उतरीव. माझ्याकडं जेवंल." एका वर्षी चार पोरी आमच्याकडं होत्या. मी चिडलो, म्हणालो, "हे घर हाय का धर्मशाळा?"

ती म्हणाली, "तुमी बैठकीला जावा."

मी जात होतो. ती गेल्यावरही दोन बैठकांना जाऊन सही करून आलो. सदस्य मेली आहे हे कुणाच्या ध्यानातच आलं नाही. खुर्चीवर मी होतो की.

सत्काराचा निरोप आला तेव्हा मला वाटलं, उशिरा का होईना, तिची आठवण काढली. म्हणून दाढी करून गेलो. हॉलाच्या दारात एकानं छातीला कागदी फूल टोचलं. घोडेगावच्या बाजाराला नेताना म्हशीला असंच सजवतात, पण तिला निदान शिंगं असतात. टेबलावर कागदांचा गठ्ठा होता. त्यात मी तिचं नाव शोधलं, सापडलं माझं. कारकुनानं यादी वाचायच्या ऐवजी सह्या वाचल्या होत्या. सातही बायांच्या कागदांवर सात नवरे.

मी कारकुनाला म्हणालो, "साहेब, इथं माझ्या मालकिणीचं नाव पायजे."

"त्या प्रशिक्षणाला होत्या का?"

"न्हवती."

"मग कसं देणार, तात्या?"

"सेवेचं द्या."

"सेवेचं वेगळं नसतं. प्रशिक्षण झालं की सेवा आपोआप धरतात."

हॉलाच्या फलकावर जिल्ह्याचं नवं नाव होतं, कागदावर जुनं. मी म्हणालो, "आख्ख्या जिल्ह्याचं नाव बदललं. तुमाला एका बाईचं घालायला काय झालं?"

"त्याला शासन निर्णय निघाला होता, तात्या. तुमच्या घरच्यांचा निघाला नाही."

मग शाल, नारळ, फोटो. साहेब म्हणाले, ज्येष्ठ सदस्य आहेत, दोन शब्द बोलतील. मी माईक धरला आणि सांगितलं, "मी सदस्य न्हाई. टरेनिंगला मी झोपलो. ह्या पुढच्या रांगेतले सहा जण माझ्या बाजूलाच घोरत हुते. खिचडी चाखली ती माझ्या बायकोनं. ती आता न्हाई."

कुणी टाळी वाजवली नाही. पुढच्या रांगेतल्या सहा जणांना एकदम नारळाच्या शेंडीत काहीतरी दिसायला लागलं. मी कारकुनाचा पेन घेतला, टेबलावर कागद ठेवून माझ्या नावावर रेघ मारली आणि वर तिचं नाव लिहिलं. पन्नास वर्षं संसार केला, पण तिचं नाव मी त्या दिवशी पहिल्यांदा लिहिलं. अक्षर वाकडं आलं.

कारकून म्हणाला, "काय केलं हे तात्या. खाडाखोड झाली की प्रमाणपत्र रद्द होतं."

"होऊ द्या रद्द. तिला आता कुठं नोकरीला लावायची हाय."

पुढच्या महिन्यात शाळेच्या मोठ्या बाईंनी मला बोलावून घेतलं. चांगल्या आहेत बाई. चहा दिला आणि म्हणाल्या, "तात्या, ती जागा महिलेचीच आहे. सूनबाईंचं नाव घालते. तुम्ही नेहमीसारखे येत जा."

"सून घरी हाय. तिलाच बोलवा."

"आणि त्या तोडीला गेल्यावर?"

"मग खुर्ची रिकामी ठिवा," मी म्हणालो. "मी बसलो हुतो तवाबी ती रिकामीच हुती."