कडूबाची तीनचाकी: पाय की वाहन

अपंगांच्या साधनांचे देशोदेशीचे कायदे आमच्या औरंगाबादेत माझ्याइतके कुणालाच पाठ नव्हते. आता खरं सांगतो. चौथीत मी दोनदा बसलो, तिसऱ्यांदा मास्तरांनीच हात जोडले. कायदे सगळे आमचे मालक कुलकर्णीसाहेब यांच्या तोंडून ऐकलेले, तेही ग्राइंडर चालू असताना. तेव्हा कोणता कायदा कुठल्या देशाचा, यात थोडी गफलत व्हायची.

किस्से काही मुद्दाम कुणी जमवत नाही. ग्राइंडरखालचा चुरा रोज झाडला तरी विजारीच्या दुमडीतून घरी येतोच, तसं ते.

दिवस नामांतराचे. चिकलठाण्यात रोज नव्या कारखान्यावर पत्रे चढत होते आणि शहरात विद्यापीठाच्या नावासाठी मोर्चे निघत होते. आमच्या शेडमध्ये अपंगांसाठी हातानं चालवायच्या तीनचाकी सायकली बनायच्या. मी वेल्डर. शेजारच्या मोठ्या कारखान्यात कडूबा नावाचा गडी लेथवर लागला. पिशोरचा, धनगराच्या घरचा. पोलिओनं डावा पाय वाळलेला, पण खांदे असे की आख्खा मेंढा उचलून ट्रकात ठेवील. नोकरी अजून कच्ची होती. तीनदा उशीर झाला की कायमचं घरी. मुकुंदवाडीच्या भाड्याच्या खोलीवरून काठी टेकत येताना एक उशीर पहिल्याच आठवड्यात झाला. म्हणून तो आमच्याकडं आला.

*

सरकारी योजनेतल्या सायकलीचं ड्रॉइंग एकच. कडूबा बसला तर गुडघे हँडलला लागायले.

मी म्हणालो, "कडूबा, तुझं माप सरकारी नाय."

"माझं माप मायनं घेतलंय. तवा सरकार आलं नव्हतं तिथं."

कुलकर्णीसाहेब जर्मनीला जाऊन आलेले. म्हणाले, "स्वीडनमध्ये आधी माणसाचं माप घेतात, मग साधन देतात. तेही सरकार वापरायला देतं, काम संपलं की परत घेतं." मी लगेच हँडल वीतभर पुढं सरकवून वेल्ड मारला. माप स्वीडनचं, वेल्डिंग चिकलठाण्याचं.

योजनेचा तपासनीस आला, टेप लावला आणि सायकल नापास केली. ड्रॉइंगप्रमाणं नाही म्हणे. साहेबांनी ती कागदावर भंगारात काढली. ते भंगार त्याच संध्याकाळी कडूबा चालवत घरी घेऊन गेला.

*

तेव्हा सायकलला नगरपालिकेचा पत्र्याचा बिल्ला लागायचा. मोंढा नाक्यावर बिल्लेवाल्यानं कडूबाला अडवलं. मी सोबत होतोच, तमाशा कोण सोडतो?

बिल्लेवाल्यानं चाकं मोजली, पुन्हा मोजली, वही उघडली. "सायकलीत हे बसत नाय. रिक्षात लावतो."

कडूबा म्हणाला, "लावा की. पर डायवर मीच अन् सवारीबी मीच. बिल्ला कुणाच्या छातीवर लावता?"

बिल्लेवाल्यानं वही मिटली. "चल निकल, मियाँ. मैंने तेरेकू देखाच नै."

*

आमच्या शेडमधला गौतम फिटर मोर्च्याला निघाला, तर कडूबा त्याच्यासोबत. मला राहवलं नाही. "काय रे, विद्यापीठाचं नाव मागायलेत ते, तुझ्या मेंढरांचं नाय. तुझा काय संबंध?"

"सायकलीच्या माझ्या अर्जाला साक्षीदार म्हणून गौतमनं सही केली. त्याच्या अर्जाला मी करायलो. तू कुणाच्या अर्जाला केली?"

मला सही येते. अजून कुणी मागितली नाही, एवढंच.

क्रांती चौकात हवालदारानं आडवी काठी धरली. "वाहनं बंद. फक्त पायी जायचं."

"उतरतो की साहेब," कडूबा म्हणाला. "फकस्त मोर्चा संपंस्तोवर मला तुमी खांद्यावर घ्या."

हवालदारानं त्याचे खांदे पाहिले, मग स्वतःचे. काठी बाजूला घेतली. "जा. पायीच हायेस तू."

दुसऱ्या दिवशी साहेबांनी सांगितलं, इंग्लंडात असंच आहे. अपंगाची गाडी फुटपाथवरून गेली तरी कायदा तिला मोटार समजत नाही. मी म्हणालो, "साहेब, त्यांना त्यासाठी पार्लमेंट भरवावं लागलं. आपल्याकडं एका हवालदारात भागलं."

*

कारखान्याच्या फाटकाला मात्र हवालदाराचा कायदा चालेना. वाहनं स्टँडवर लावायची, आत पायी जायचं. स्टँडपासून लेथपर्यंत काठी टेकत जाता जाता कडूबाचा दुसरा उशीर लागला.

दुसऱ्याच दिवशी त्यानं सायकल स्टँडवर नेलीच नाही. फाटकाच्या ऐन मधोमध उभी केली. वॉचमन ओरडायला लागला. मागं सगळी शिफ्ट डबे घेऊन खोळंबली. मीही आमची शेड सोडून तिथं हजर. भोंग्याला पाच मिनिटं बाकी.

त्या गर्दीत मागून मॅनेजरसाहेबांची गाडी आली. हॉर्न वाजला, कुणी हललं नाही. साहेबांनी काच खाली केली.

मी पुढं झालो. "साहेब, जर्मनीत मोठ्या कारखान्याला अपंग माणसं कामावर ठेवावीच लागतात. कायदा हाय तिथं. स्वीडनमध्ये तर..."

"तू कोण?"

"शेजारचा वेल्डर."

"मग शेजारी जा. हे जर्मनी नाही." मग कडूबाकडं वळले. "नियम सगळ्यांना सारखा. फाटकाच्या आत वाहन नाही. सायकल स्टँडला लाव आणि पायी जा. भोंगा झाला की तुझा तिसरा उशीर."

कडूबानं हँडल सोडलं नाही. मान तेवढी मागं वळवली. त्या मोटारीकडं बोनेटपासून डिक्कीपर्यंत सावकाश बघितलं.

"साहेब, तुमची गाडी तर रोज पार हाफिसच्या पायरीपातूर जाती. तुमच्या पायाला काय झालंय?"