लुसीमायचं रोजचं ख्रिस्तीपण

लुसीमायचं नाव आधी घेते, मग काय झालं ते सांगते. रेवदंड्याच्या खाडीपलीकडच्या किरिस्तावांच्या वाडीत तिचं घर. रोज दिवेलागणीला प्रार्थना संपली की ती उंबऱ्यावर बसायची आणि आज आपण ख्रिस्ती होतो की नव्हतो, याचा निकाल लावायची. कुणावर खेकसली असेल तर म्हणायची, "आज न्हाय जमलं. उद्या बघू."

मी वाशीमकडची. सातवीत शाळा सुटली, पुढे लग्न झालं आणि नवऱ्यासोबत बांधकामावर कोकणात आले. दिवस गेले होते, पाय सुजायला लागले होते. तशात मुकादमाने माणसं दिघीच्या कामावर हलवली आणि नवऱ्याला जावं लागलं. लुसीमाय आमच्या पत्र्याच्या खोपटात डोकावली. "हितं एकटी मरतेस काय? चल घरात."

मी म्हटलं, "माय, मी तुमच्यातली नाही."

"सुजलेले पाय इचारतात काय, कुणातले ते?"

सुका जवळा भाजला की त्या वासाने मला उलटी व्हायची. तिने घरात जवळा भाजणंच बंद केलं. मी काही बोलले की म्हणायची, "मलाच कंटाळा आलाय त्याचा." तिला जवळ्यावाचून घास उतरत नसे, हे मला पुढे कळलं.

एकदा ती कोलंबी सोलत होती. मी विचारलं, "माय, ख्रिस्ती म्हणजे काय गं?"

"ख्रिस्त म्हंजे तेलाचा अभिषेक झालेला. जुन्या काळी राजाच्या डोक्यावर तेल वतायचे ना, तसा. त्याच्या मागनं चालणारे ते ख्रिस्ती. पण हे नाव त्यांनी सोताहून न्हाय घेतलं. अंत्युखिया म्हणून शहर होतं, तिथं त्यांना तसं म्हणायला लागले. आमचे म्हातारे फादर सांगायचे. म्हणून आपण ख्रिस्ती हाय का न्हाय ते शेजाऱ्याला इचारायचं. मी आपला रोज अंदाज बांधते."

मी हसले. "मग रोझीबायला विचारू?"

तिचा हात थांबला. रोझीबाय तिची जाऊ. वाटणीवरून भांडण झालं तेव्हा अंगणात भिंत घातलेली, तेव्हापासून बोलणं बंद. "तिला नको," माय म्हणाली. "ती खरं सांगेल."

एका दुपारी माझं डोकं फुटायला लागलं, डोळ्यांपुढे अंधारी आली. आरोग्यखात्याची आशाताई आली, हात लावून बघितला आणि म्हणाली, "आत्ताच्या आत्ता अलिबागला न्या." वाडीत तेव्हा एकच रिक्षा उभी होती, भिंतीपलीकडे, रोझीबायच्या मुलाची, पास्कूची. माय भिंतीपाशी गेली. परत आली. माझ्याकडे बघितलं आणि वळसा घालून जावेच्या दारात उभी राहिली. मला आत ऐकू येत होतं.

"आज कशी वाट चुकलीस गं?"

"रोझी, तुला काय बोलायचं ते वाटेत बोल. पोरगी जाईल. पास्कूला उठव."

रोझीबाय नुसतं पास्कूला उठवून थांबली नाही, स्वतः रिक्षात बसली. अलिबागपर्यंत माझं डोकं तिच्या मांडीवर होतं आणि वरून दोघी भांडत होत्या. ऑपरेशन झालं, मुलगी झाली. नंतर दोघी व्हरांड्यात एकाच कागदातला वडापाव खात बसल्या, तेव्हा मायने विचारलं म्हणे, "सांग, आज हाय काय मी?"

"आज हायस," रोझीबाय म्हणाली. "मिरची इकडं दे."

पुढच्या नाताळाआधीच रोझीबाय गेली. माय रडली नाही. भिंतीवर हात ठेवून एवढंच म्हणाली, "तुझ्या पोरीसाठी तिच्या दारात गेले. आमच्या दोघींसाठी आधीच गेले असते तर? किती वर्सं वाया घालवली मी."

मग आम्हाला गुजरातेत मोरबीला काम लागलं. टेम्पो घाई करत होता. मायने पोरीच्या कपाळावर अंगठ्याने बारीकसा क्रूस काढला आणि मग मलाच विचारलं, "चालंल ना गं?" मी मान हलवली. नीट पाया पडायचंही राहून गेलं.

आता फोन केला की पास्कू सांगतो, मायला दिसत नाही, माणसं ओळखत नाही. तिची मुलं आखातात. इथे मी कारखान्यात भट्टीशेजारी उभी असते आणि फोन वाजला की आधी पास्कूचं नाव तर नाही ना, ते बघते.

माय, मी येणार आहे. पोरीला घेऊन येईन. तुला न्हाऊ घालीन, केस विंचरीन, खाडीच्या वाऱ्याला नेऊन बसवीन. तू मला ओळखलं नाहीस तरी चालेल. तेवढी थांब.