रेसच्या दिवसाची साडी

काका गेल्यानंतर मावशी पहिल्यांदाच माझ्याबरोबर पुण्याच्या रेसकोर्सवर आली, मोहरी रंगाची रेशमी साडी नेसून. निघताना तिच्या जाऊबाई म्हणाल्या, "आता कशाला एवढं नटायचं?" मावशी गाडीत बसली.

शरदाच्या उन्हात पिसांच्या टोप्या आणि फुलाफुलांचे झगे मिरवत होते. कठड्यापाशी एका अनोळखी बाईंनी कौतुकानं विचारलं, "कुणासाठी एवढी तयारी?"

मावशी हसून म्हणाली, "घोड्यांसाठी. तेही बघा ना, किती तुकतुकीत होऊन आलेत!"

माणूस दुसऱ्यानं बघावं म्हणून नटतो, असं मला वाटायचं. पण आलेल्या दिवसाचा मान राखायलाही नटावं लागत असेल.

घोडे सुटले. पदर खोचून मावशी जोरात ओरडली. काका गेल्यापासून तिचा तो आवाज मी ऐकलाच नव्हता.